घळीपलीकडचा जानवसा

भोसेकरने रुखवताच्या डब्यातून एक चिरोटा उचलला, तळहातावर ठेवला आणि अंगठ्याने हलकेच ढकलला. वरचे पदर सुटून सरकले आणि खाली बर्फावर पडले.

"असं होतं," तो म्हणाला.

"काय असं होतं?" माझ्या बहिणीने, नलूताईने विचारलं. तिचे डोळे पडलेल्या पदरांवर होते. तो डबा तिने सांगलीपासून हिमाचलापर्यंत मांडीवर घेऊन आणला होता आणि आतला एकही चिरोटा दुखावला नव्हता.

"हिमस्खलन, काकू. थंडीभर बर्फ असाच पदरापदराने साचतो. वसंतात ऊन लागलं की वरचं वितळतं, पाणी आत झिरपतं आणि पदर एकमेकांना धरत नाहीत. चिरोट्यावर पाक ओतला तर कसं होईल, तसं."

"आमच्यात पाकातले करत नाहीत," ताई म्हणाली. "पिठीसाखरेचे करतात."

भोसेकरने उरलेला चिरोटा हळूच डब्यात ठेवला. तो आमचा ट्रेक लीडर. तिशीचा, गिर्यारोहणाचे सगळे कोर्स केलेला, भला माणूस. त्याच्यात दोष असा एकच होता, की समोरच्याला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. बर्फावरसुद्धा.

माझी भाची शाल्मली आणि ठाण्याचा कौस्तुभ पाटणकर यांची ओळख डोंगरात झाली, पुढचंही सगळं डोंगरातच झालं, त्यामुळे लग्नही डोंगरात करायचं असं दोघांनी ठरवलं. कुलूच्या वरच्या अंगाला, झाडं संपतात त्याच्याही वर, एका सपाटीवर देवीचं दगडी ठाणं आहे. एप्रिलअखेर तिथे जायचं, दोन्हीकडची मोजकी माणसं न्यायची आणि देवीसमोर माळा घालायच्या, एवढा साधा बेत. तो साधा राहिला नाही याचं कारण माझे मेहुणे यशवंतराव माईणकर. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेलं. भावोजींनी आधी वर्षभर सांगलीतल्या कार्यालयासाठी भांडून पाहिलं. ते हरले. मग त्यांनी जाहीर केलं, की लग्न डोंगरावर तर डोंगरावर, पण सांगलीत जसं झालं असतं तस्संच होईल.

म्हणून अंतरपाट आला, पाट आले, गौरीहराची पितळी मूर्ती आली, रुखवत आलं, आणि टेपरेकॉर्डरमध्ये सनई आली. खेचरवाल्यांनी एवढं सामान कधी वाहिलं नव्हतं. आणि वरपक्षाला वेगळा जानवसा हवा म्हणून भावोजींनी पाटणकर मंडळींना आदल्या दिवशी सकाळीच पुढे धाडलं. देवीच्या ठाण्याजवळ त्यांचे तंबू, अलीकडच्या कुरणात आमचे. दोन्हींच्या मधोमध एक घळ होती. घळ म्हणजे वरच्या कड्यापासून खाली नदीपर्यंत उतरलेला बर्फाचा तिरका पट्टा. हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल एवढाच रुंद.

त्या पट्ट्यासाठी भोसेकरचे नियम होते. रात्रीच्या थंडीत बर्फ गोठून कडक होतो, म्हणून ऊन लागायच्या आत पार व्हायचं. एका वेळी एकानेच जायचं. आणि सतत वर बघायचं.

"एका वेळी एकच का?" भावोजींनी विचारलं.

"म्हणजे काका, गेला तर एकच जातो. बाकीचे काढायला उरतात."

"शुभ बोल रे मेल्या!" ताई म्हणाली.

"आणि आवाज?"

"आवाजाने काही होत नाही, काका. ते सिनेमात दाखवतात."

"सिनेमात काय उगीच दाखवतील?"

इथे भोसेकरने ठाम राहायला हवं होतं. तो म्हणाला, "नाही म्हणजे, कशाला उगीच." झालं. त्या क्षणापासून दोन्ही पक्ष कुजबुजत बोलायला लागले. नलूताई स्टोव्हला पंप मारतानासुद्धा आजूबाजूला बघायची.

मुहूर्त दुपारच्या तोंडावर होता. तो वैशंपायन गुरुजींनी काढलेला. ते कानटोपी, त्याखाली मफलर आणि सोवळ्याखाली लोकरी विजार अशा तयारीने पलीकडे आधीच पोहोचले होते. भोसेकरने तोडगा काढला, की मुलीकडच्यांनी तांबडं फुटताना घळ ओलांडायची आणि मुहूर्तापर्यंत पलीकडे निवांत बसायचं. नियमही पाळला जाईल आणि पंचांगही. सगळ्यांना पटलं. शाल्मलीला सगळ्यात जास्त पटलं. तिने स्वतः डोंगरातले दोन कोर्स केले होते, बर्फाचं तिला भोसेकरइतकंच कळायचं. फक्त भोसेकर पोटासाठी गप्प बसायचा, आणि ती नवरी होती म्हणून.

लग्नाच्या दिवशी पहाटे आभाळ स्वच्छ होतं. बर्फ असा कडक, की बुटाची टाच आपटली तर खणकन वाजावी. भोसेकरने घळीत पावलं खोदून वाट केली, पलीकडे जाऊन परत आला आणि म्हणाला, "एकदम मस्त. निघू या."

शाल्मली तंबूत गौरीहर पूजत बसली होती. मामाकडची पिवळी साडी, म्हणजे मीच आणलेली, तिने जाड विजारीवरून नेसली होती. डोक्याला मुंडावळ्या, पायात ट्रेकिंगचे बूट. मामाने यायचं, तिला हात धरून उठवायचं आणि बोहल्यावर न्यायचं, अशी पद्धत. मी गेलो, हात पुढे केला.

"थांब," भावोजी मागून कुजबुजले. "बोलावणं आलं का?"

"कुणाचं बोलावणं?"

"त्यांचं. मुलीने आपणहून उठून जानवशावर चालत जायचं? लोक काय म्हणतील?"

आसपास लोक म्हणजे खेचरवाले होते आणि ते चहा पीत होते. पण मुद्दा निघाला होता. भोसेकरने वॉकीटॉकी काढला. पलीकडचा गुरुजींकडे होता.

"गुरुजी, मुलीकडचे विचारतायत, बोलावणं कधी पाठवताय? ओव्हर."

बराच वेळ खरखर झाली. मग गुरुजींचा दबलेला आवाज आला. "बोलावणं मुलीकडून येतं. मुलीचा बाप यजमान असतो. त्याने नवऱ्या मुलाला मांडवात बोलवायचं असतं."

"पण मांडव तुमच्याकडेच आहे," भावोजी.

"असेना. बोलावल्याशिवाय आम्ही मांडवात कसे बसणार? आम्ही मघाशीच बाहेर येऊन उभे राहिलोय."

खरंच, पलीकडे देवीच्या ठाण्यापासून थोड्या अंतरावर पाटणकर मंडळी फेटे बांधून, बर्फात पाय रोवून, आपल्याच मांडवात बोलावणं यायची वाट बघत उभी होती. मधोमध कौस्तुभ, शेजारी त्याची आई कुमुदबाई. त्या ठाणे शहरात एका शाळेत पीटीच्या बाई होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. एकटीने मुलगा वाढवलेला. नऊवारीच्या कासोट्याखाली त्यांनीही ट्रेकिंगचे बूट घातले होते, आणि आमच्या सगळ्यांत तेवढ्या एकट्याच सावधान स्थितीत उभ्या होत्या.

"आधी त्यांनी," भावोजी म्हणाले.

"आधी त्यांनी," वॉकीटॉकी म्हणाला.

वरच्या कड्याच्या टोकाला ऊन लागलं.

तंबूतून शाल्मलीने विचारलं, "मामा, ऊन कुठवर आलंय?"

"कड्याच्या टोकाला."

"बाबांना सांगा, बोलावणं मी पाठवते त्यांना. मुलगी पाठवू शकते का विचारा."

मी विचारलं. भावोजी म्हणाले, "नवरी मुलगी बोलत नसते." मी ते आत जाऊन सांगितलं. शाल्मली पुन्हा गौरीहराकडे वळली. मला वाटलं, पूजा करतेय. ती मूर्तीच्या मागच्या तंबूच्या फटीतून उतार बघत होती.

वाटाघाटी चालूच राहिल्या. गुरुजींनी एक उदाहरण दिलं, भावोजींनी त्याला आपल्या आत्याच्या लग्नाचं उदाहरण दिलं. वॉकीटॉकीवर सगळं कुजबुजत चाललेलं, त्यामुळे अर्ध्या गोष्टी परत परत सांगाव्या लागत होत्या. उन्हाची रेघ मात्र उतारावरून खाली येत होती आणि तिला कुणाच्या बोलावण्याची गरज नव्हती.

शेवटी भोसेकरने मार्ग काढला. दोन्हीकडच्यांनी एकाच वेळी बोलावायचं. तो हात वर करेल, खाली आणेल, आणि दोन्हीकडचे एकत्र म्हणतील, 'या.' झालंही तसंच. भोसेकरने हात खाली आणला, घळीच्या दोन्ही काठांवरून हलक्या आवाजात 'या' आलं आणि दोन्ही घराण्यांची अब्रू राहिली.

तोवर घळीचा वरचा अर्धा भाग उन्हात लखलखत होता.

"काका," भोसेकर म्हणाला. कपाळावर घाम. "आता जरा उशीर झालाय."

"म्हणजे जायचं नाही?"

"नाही असं नाही म्हणत मी."

"मग हो म्हणा."

"हो असंही नाही."

"अहो, तुम्ही लीडर ना?"

वॉकीटॉकी खरखरला. कौस्तुभ होता. त्याचा आवाज मला नेहमी आवडायचा. हसरा, भरवशाचा. गाडी बंद पडली, तंबू भिजला, सामान हरवलं, की त्याचा तो आवाज यायचा. "शाल्मली, ये गं! काही होत नाही. थोडं तर आहे."

शाल्मलीने बाहेर येऊन भोसेकरच्या हातातून वॉकीटॉकी घेतला. "कौस्तुभ, मला इथून वरचं दिसत नाहीये, मधे खडक येतोय. तुला तिकडून दिसतं. वर कसं दिसतंय?"

"मस्त दिसतंय!" तो म्हणाला. "कसला प्रकाश आहे! ये लवकर, फोटो भारी येतील."

तिने क्षणभर वॉकीटॉकीकडे पाहिलं आणि तो भोसेकरला परत दिला. मग उताराकडे पाहिलं. मग बापाकडे. भावोजींचा फेटा थोडा सैल झाला होता आणि ते अक्षरशः हात जोडून उभे होते. वर्षभर भांडून हरलेला माणूस, त्याचा हा शेवटचा हट्ट.

"मामा, चला," ती म्हणाली.

"एक-एक!" भोसेकर.

"मामानं हात धरून न्यायचं असतं," ताई म्हणाली. "तेवढं तरी रीतीनं होऊ द्या."

भोसेकरने आमच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कोर्स, नियम आणि नलूताई यांची झटापट चाललेली स्पष्ट दिसत होती. "बरं," तो म्हणाला, "मामा आणि भाची मिळून एक धरू."

असे आम्ही एक होऊन निघालो. पहिली पावलं सावलीत होती, कडक. पुढे उन्हात पाय टाकला आणि तो घोट्यापर्यंत गेला. पुढचा गुडघ्यापर्यंत. बर्फ आता ओल्या साखरेसारखा लागत होता. वरून लिंबाएवढे गोळे घरंगळत येत होते, आमच्यासमोरून मजेत जात होते, आणि पायाखाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज येत होता. माझ्या हातातला शाल्मलीचा हात एकदम घट्ट झाला.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"येऊ नकोस!"

दोन दिवस सगळं खोरं कुजबुजत होतं. त्यात हा आवाज. शाळेच्या मैदानावर दुसऱ्या टोकाच्या पोराला जागच्या जागी थिजवणारा. समोरच्या कड्यावरून तो परत आला. खेचरांनी माना वर केल्या.

"येऊ नकोस! मागं फिर! मागं!"

कुमुदबाई दोन्ही हात डोक्यावर करून हलवत होत्या. कौस्तुभ "आई! आई, काय करतेस!" म्हणत त्यांचे हात खाली ओढत होता.

शाल्मली थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, वळा. आलो त्याच पावलांवर पाय. पळायचं नाही." मी वळलो. मला तिचा चेहरा दिसला नाही. भर मांडवात जिला सासूने नको म्हटलं त्या मुलीचा चेहरा बघायची माझी हिंमतही नव्हती.

आम्ही काठावर पोहोचलो तसे भावोजी फेटा सावरत पुढे आले.

"ऐकलंत? मुलगी अर्ध्या वाटेवर, आणि सासू म्हणते येऊ नकोस! भर गावात!"

"गाव कुठंय, भावोजी?"

"तू मधे बोलू नकोस. नलू, रुखवत बांध. आता पाटणकरांनी येऊन पाय धरले तरी माईणकर उठणार नाहीत."

ताईच्या डोळ्यांना धार लागली होती, पण चिरोट्यांचा डबा आधी बंद झाला. भावोजींनी आम्हा सगळ्यांना घळीपासून लांब, कुरणात नेलं आणि पाटणकरांकडे पाठ करून बसवलं. रुसलेल्या मुलीकडच्यांची अशी रांग मी पुष्कळ लग्नांत पाहिली आहे, पण खुर्च्यांवर. इथे आम्ही दगडांवर, फेटे बांधून, बर्फाकडे पाठ करून बसलो. शाल्मली तेवढी उभी होती, तोंड तिकडेच करून.

"बस," भावोजी म्हणाले.

"बघतेय, बाबा."

वॉकीटॉकीतून गुरुजींची कुजबुज. "गैरसमज होतोय. मुलीकडचे ऐकताय का? कौस्तुभ म्हणतोय, तो स्वतः घ्यायला येतोय. ओव्हर."

मी मान वळवून पाहिलं. कौस्तुभ खरंच घळीच्या काठाशी आला होता. आणि कुमुदबाईंनी मागून त्याचं उपरणं दोन्ही हातांनी धरलं होतं. तो पुढे ओढत होता, त्या टाचा रोवून मागे झुकल्या होत्या, रस्सीखेचीत शेवटचा गडी झुकतो तशा.

"बघा, बघा!" भावोजी म्हणाले. त्यांनीही मान वळवली होती. "सोडतपण नाही त्याला. असल्या घरात—"

वाक्य तिथेच राहिलं.

गडगडाट वगैरे काही झाला नाही. गिरणीत ज्वारीचं पोतं उपडं करतात तसा आवाज आला, फक्त पोतं डोंगराएवढं. वरच्या खडकाआडून बर्फाचा एक अख्खा तुकडा सुटला, अगदी सावकाश, जणू त्याला घाई नव्हती. मग त्याच्याखालचा सुटला, मग सगळंच. ओलं, जड, मळकट पांढरं. ते आमच्या पावलांवरून गेलं, भोसेकरने पहाटे खोदलेल्या वाटेवरून गेलं आणि खाली नदीपर्यंत जाऊन ढिगारा होऊन थांबलं. घळीतली जुनी माती उघडी पडली.

पलीकडे कौस्तुभ मागच्या मागे आईच्या अंगावर पडला होता आणि दोघं तशीच बसलेली होती.

खरखर.

"मुलीकडचे, सगळे आहात का?" गुरुजी. "ओव्हर."

"आहोत," भोसेकर म्हणाला.

"देवीची कृपा. एक कळवायचं होतं. मुहूर्त नेमका त्याच वेळी आला. वाया जाऊ नये म्हणून मी नवऱ्या मुलावर अक्षता टाकल्या आहेत."

भावोजींनी वॉकीटॉकी हिसकावला. "म्हणजे? लग्न लागलं?"

गुरुजींनी विचार केला. "वराकडून लागलंय. वधूकडचं बाकी आहे."

"असं अर्धं लागतं का कधी?"

"शास्त्रात बर्फाचा विचार केलेला नाही," गुरुजी म्हणाले.

मग कौस्तुभचा आवाज आला. तो कुणाला उद्देशून बोलत होता कोण जाणे, पण बटण दाबलेलं होतं आणि आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "आई, तू ओरडलीस म्हणून कोसळलं. ओरडली नसतीस तर शाल्मली आत्ता इथे असती. काहीही झालं नसतं. सगळ्यांसमोर तमाशा केलास."

"आवाजाने नाही," भोसेकर म्हणाला. आणि मग त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने, "आवाजाने कोसळत नाही! उन्हाने कोसळलं! मी आधीच सांगितलं होतं!" पण आम्ही घळीपासून लांब होतो, वॉकीटॉकी भावोजींच्या हातात होता आणि कौस्तुभला ते ऐकू गेलं नाही.

शाल्मलीने बापाच्या हातातून तो घेतला. "कौस्तुभ, आईंना दे."

"शाल्मली, ऐक, मी तिच्या वतीनं सॉरी—"

"आईंना दे."

खरखर. मग कुमुदबाई. आता त्या कुजबुजत होत्या. "बोल गं."

"आई—"

"काय गं?" माझ्या शेजारून नलूताई म्हणाली. शाल्मलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तू नव्हे अशा अर्थाने. त्या दिवसापर्यंत ती कुमुदबाईंना काकू म्हणायची.

"आई, तुम्हाला काय दिसलं?"

"भेग दिसली. त्या खडकाच्या वर. आधी सुतळीएवढी होती. तू निघालीस तेव्हा त्यात हात गेला असता. मला त्यातलं काही कळत नाही हं. पण अशी भेग आमच्या शाळेच्या भिंतीला पडली होती, तेव्हा मी आधी पोरं मैदानात काढली आणि मग हेडमास्तरांना विचारलं."

"म्हणून ओरडलात."

"घसा बसला बघ."

"गरम पाणी प्या. मीठ घालून."

"पिते," कुमुदबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू घाबरलीस का गं?" शाल्मली "हो" म्हणाली आणि तिने बटण सोडलं.

त्या दिवशी कुणी घळीजवळ गेलं नाही. भोसेकरने आम्हाला सांगितलं, की उद्या पहाटेशिवाय कुणीही हलणार नाही. विचारलं नाही, सांगितलं. आणि बोलावण्याचा विषय भावोजींसकट कुणीही काढला नाही.

दुसऱ्या पहाटे पुन्हा सगळं गोठलेलं होतं. भोसेकरने घळ दोनदा तपासली. थंडीने वॉकीटॉकीचा जीव गेला होता. शाल्मली पिवळी साडी नेसून तयार झाली.

"मामा हात धरेल ना?" ताईने विचारलं.

"एकटीच जाते, आई," ती म्हणाली, आणि निघाली. वर बघत, पाऊल तपासत, घाई न करता. मी काठावर उभा. हात नकळत पुढे झाला होता, तो मी तसाच ठेवला.

पुढचं मी फक्त पाहिलं, ऐकलं नाही. ती पोहोचली. दोन पाहुण्यांनी घाईघाईने अंतरपाट धरला. ती त्याला वळसा घालून आधी कुमुदबाईंकडे गेली आणि वाकली. कुमुदबाईंनी तिला उचलून धरलं, जरा जास्तच वेळ. मग ती कौस्तुभशी बोलली. तो हसत होता. त्याने वर कड्याकडे हात केला, मग आईकडे, मग आपल्या तोंडाशी हात नेऊन ओरडल्याची नक्कल केली. नक्कल चांगली केली असणार, कारण पाहुणे हसले. शाल्मलीने काहीतरी विचारलं. त्याने खांदे उडवले.

तिने मुंडावळ्या सोडल्या. गुरुजींच्या हातात दिल्या. गुरुजींनी त्या आधी एका हातात धरल्या, मग दुसऱ्या, शेवटी खिशात घातल्या. अंतरपाट धरणाऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही, ते बराच वेळ तसेच उभे होते.

"काय चाललंय?" भावोजी.

"परत येतेय."

ती आली. अलीकडे पाय टेकला, श्वास घेतला आणि आमच्याकडे न येता मागे वळून उभी राहिली. तेव्हा पलीकडून दुसरं कुणीतरी निघालं. नऊवारी, बूट, हातात काठी. शाल्मली पूर्ण पार होईपर्यंत ते माणूस काठावर थांबलं होतं. आता एकटंच, वर बघत बघत येत होतं.

"विहीणबाई कशाला येतायत?" भावोजींनी मला विचारलं. मग मुलीला. "काय झालं तिकडे? लग्न?"

"नाही, बाबा."

"नाही म्हणजे?"

"मी विचारलं, काल वर बघितलं होतंस का? म्हणाला, वर काय बघायचं, मी तुला बघत होतो." तिने बुटावरचा बर्फ झटकला. "मग म्हणाला, आई ओरडली नसती तर एव्हाना आपण हनिमूनला असतो."

आयुष्यभर मानपान सांभाळणाऱ्या भावोजींना एवढ्या मोठ्या अपमानात कुणावर रुसावं ते सापडत नव्हतं. ताई बसली ती बसलीच.

कुमुदबाई धापा टाकत अलीकडे आल्या. "त्याला सांगितलंय, गुरुजींना घेऊन ये, आणि एकेकटे या. येतील." घसा अजून बसलेलाच होता. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "माझी काही जबरदस्ती नव्हती हो तिला. मी उलट म्हटलं, माझा मुलगा वाईट नाही. ती म्हणाली, मला माहितेय."

शेवटी नलूताई उठली आणि स्टोव्हकडे गेली. "बूट काढा," ती म्हणाली. "पाय गार पडले असतील. पाणी तापवते." शाल्मली टॉवेल शोधायला तंबूत शिरली.

अठरा वर्षं झाली. शाल्मली सांगलीतच असते, दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांना डोंगरात घेऊन जाते. तिने पुढे लग्न केलं नाही. आम्ही विचारायचं सोडलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. कुमुदबाई मात्र वर्षातून दोनदा सांगलीला येतात, तिच्याकडेच उतरतात. आता त्या ऐंशीकडे झुकल्या आहेत.

गेल्या चैत्रात हळदीकुंकवाला शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई आल्या. कोपऱ्यात पन्हं पीत बसलेल्या कुमुदबाईंकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"माझ्या सासूबाई," शाल्मली म्हणाली.

"अगं बाई. आणि मिस्टर?"

"नाहीत."

शेजारणीचा चेहरा पडला. तिने शाल्मलीचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून मान हलवली.

"अहो, तसं नाही," कोपऱ्यातून कुमुदबाई म्हणाल्या. "आहे की. ठाण्याला असतो. बायकोसुद्धा गुणी मिळालीये त्याला."